शनिवारची जपानी शाळा: चौथीत पाठवायचं की थांबायचं?

हडपसरकर

नमस्कार मंडळी. एरवी वाचनमात्र असतो, आज गरज पडली म्हणून धागा काढतोय.

मी पुण्याचा, बायको जपानमधल्या ओकायामाची. तिकडे नोकरीला असताना लग्न झालं. आता अमेरिकेत मिडवेस्टात आहोत आणि इथेच राहू असं दिसतंय. मुलगी नऊ वर्षांची. सोमवार ते शुक्रवार इथली सरकारी शाळा, शनिवारी जपानी शाळा, रविवारी दुपारी जमेल तशी मराठी शाळा. जपानी शाळेला 'होशूको' म्हणतात, पुढे तेच लिहितो.

होशूको सकाळी नऊला भरते, तीनला सुटते. इमारत एका हायस्कूलची, भाड्याने घेतलेली. त्यामुळे फळ्यावर आधीचं काही असलं तर पुसायचं नाही, बाकातल्या वस्तूंना हात लावायचा नाही, आणि निघताना खुर्च्या होत्या तशाच लावायच्या. सकाळी वर्गाचा फोटो काढून ठेवतात आणि दुपारी तो बघून खुर्च्या लावतात. हे काम पाळीच्या पालकांचं. बाकीचे बाप सॉकरच्या मैदानाशी कॉफी पीत उभे असतात, तेव्हा मी दंडाला पट्टी बांधून कॉरिडॉरमध्ये पहारा देत असतो. त्याची तक्रार नाही, गंमत वाटते.

तक्रार शुक्रवार रात्रीची आहे. कांजीची, म्हणजे जपानीतल्या चिनी चित्राक्षरांची वही, गणिताचा कागद आणि 'ओन्दोकु'. ओन्दोकु म्हणजे धडा रोज मोठ्याने वाचायचा, घरच्यांनी ऐकायचा आणि कार्डावर गोल काढून सही करायची. रोजचं काम रोज होत नाही, मग पाच दिवसांचं वाचन एका बैठकीत. बायकोला उशीर झाला की ऐकायला मी बसतो. माझं जपानी ऑफिसात चालतं, पण तिसरीच्या धड्यात मी अडखळलो की मुलगी सुधारते, आणि तेवढ्यापुरती खूश होते. मग दहाव्या मिनिटाला पेन्सिल फेकते.

परवा तिने विचारलं, "आपण जपानला राहायला जाणार आहोत का?" म्हटलं, नाही. "मग मी हे का करते?" बायको म्हणते, आजी-आजोबांसाठी. आजी-आजोबांशी ती फोनवर तासभर बोलते, त्याला कांजी लागत नाही.

शाळेचं वर्ष जपानसारखंच एप्रिल ते मार्च. पुढच्या वर्षीचा फॉर्म फेब्रुवारीअखेर द्यायचाय. ज्यांनी हे केलंय, सोडलंय, किंवा दुसऱ्या भाषेच्या शाळेत असाच अनुभव घेतलाय, त्यांनी लिहा.

बिनधास्त_बंड्या

पोरीने स्वतःच विचारलंय 'का', आणि तुमच्याकडे उत्तर नाही. मग सोडा की. नववं वर्ष परत येत नाही. आजकाल फोन समोर धरला की भाषांतर होतं, कांजीचा फोटो काढला की वाचून दाखवतो. आठवड्याचे सातही दिवस शाळा म्हणजे कोणता गुन्हा केलाय तिने?

सोनचाफा

वाचतेय. आमचाही किस्सा आहे, रात्री सविस्तर लिहिते.

सेन्सेई_नाशिककर

मी पुण्यात जपानी शिकलो, आता शिकवतो. हडपसरकर, तुमच्या मुलीचं काही चुकत नाहीये, आकडेच तिच्या विरोधात आहेत.

जपानच्या प्राथमिक शाळेत भाषेच्या विषयाला, म्हणजे 'कोकुगो'ला, पहिलीत वर्षाला ३०६ तासिका असतात, दुसरीत ३१५, तिसरी-चौथीत २४५. तासिका ४५ मिनिटांची. होशूको भरते साधारण चाळीस शनिवार. दिवसाला कोकुगोच्या तीन तासिका धरल्या तरी १२०, म्हणजे निम्म्याहून कमी. पाठ्यपुस्तक मात्र तेच, आणि शक्य तितकं पूर्ण करायचं. राहिलेलं सगळं घरी ढकललं जातं. तुमची शुक्रवारची रात्र म्हणजे उरलेल्या सव्वाशे तासिका.

कांजींचं बघा. पहिलीत ८०, दुसरीत १६०, तिसरीत २००, चौथीत २०२, पाचवीत १९३, सहावीत १९१. एकूण १०२६. आधी १००६ होत्या. २०२० पासून ४७ प्रांतांच्या नावांत लागणाऱ्या कांजी चौथीत आणल्या, तेव्हा वीस वाढल्या. तोचिगी, गिफू, निईगाता ही नावं जपानमधलं पोर रोज टीव्हीवर हवामानाच्या नकाशात बघतं. तुमची मुलगी कुठे बघणार? ओकायामातली 'ओका' त्या विसांतलीच. निदान ती तरी तिला आजीच्या पत्त्यामुळे येत असेल.

शिवाय चौथीपासून धड्यांचा पोत बदलतो. तिसरीपर्यंत रोजच्या वापरातले शब्द, पुढे अमूर्त शब्द आणि मोठाली वाक्यं. चौथीच्या पुस्तकात एका कोल्ह्याची जुनी गोष्ट आहे, जपानमध्ये सगळे वाचतात. त्यात खेड्यातली अंत्ययात्रा येते, ईल मासा येतो, ठासणीची बंदूक येते. मिडवेस्टमधल्या मुलीला एकेका ओळीला थांबावं लागणार.

मूळ मुद्दा असा की ही व्यवस्था परत जाणाऱ्यांसाठी बेतलेली आहे. वॉशिंग्टनला १९५८ साली अशी शाळा सुरू झाली, नंतर जपानी कंपन्या जिथे जिथे गेल्या तिथे तिथे या शाळा निघाल्या. बाबांची बदली तीन-चार-पाच वर्षांची, पोराला परतल्यावर वर्गात बसता आलं पाहिजे, एवढाच हेतू. म्हणून तेच पुस्तक, तोच एप्रिल, तेच क्रीडासंमेलन. जपान सरकार जपानी नागरिक असलेल्या मुलांना पाठ्यपुस्तकं फुकट देतं आणि मोठ्या शाळांना तिकडून मुख्याध्यापकही पाठवतं. बाकी शिक्षक बहुतेक स्थानिकच, कुणाची आई, कुणी विद्यापीठात शिकणारी. वर्गात आता न परतणारी, मिश्र घरांतली मुलं पुष्कळ झाली आहेत, पण पुस्तकाला ते ठाऊक नाही.

बिनधास्त_बंड्या

म्हणजे माझंच बरोबर.

सेन्सेई_नाशिककर

नाही. सोडा असं मी म्हटलेलं नाही. ज्यासाठी शिकताय त्याप्रमाणे वर्ग निवडा, असं म्हणणं आहे. बऱ्याच होशूकोंनी अलीकडे दुसरा वर्ग काढलाय, कुठे 'निहोंगो' (जपानी भाषा), कुठे 'आंतरराष्ट्रीय' अशा नावाने. त्यात इयत्तेचं पुस्तक पूर्ण करायची सक्ती नसते. तुमच्याकडे आहे का विचारा.

ऱ्हाईनकाठी

आम्ही जर्मनीत, ड्युसेलडॉर्फमध्ये. नवरा जपानी, मी डोंबिवलीची. इथे जपानी वस्ती काही हजारांची आहे. स्टेशनजवळ इमरमानश्ट्रासं नावाचा रस्ता आहे, तिथे मिसो, भाताचा कुकर, जपानी पुस्तकं, सगळं मिळतं. पूर्ण वेळ जपानी शाळाही आहे, १९७१ पासून. आम्ही मुलाला जर्मन शाळेत घातलं आणि शनिवारी जपानी.

सहावीपर्यंत नेलं, मग थांबवलं. पहिलीच्या प्रवेश समारंभाला आजीने जपानहून रांदोसेरु पाठवलं होतं, ते टणक चामड्याचं दप्तर. आठवड्यातून एक दिवस वापरायचं, त्यामुळे सहावीतही नवंकोरं दिसत होतं.

चौथीचं वर्ष आमच्याकडेही वाईट गेलं. वर्गातली मुलं गळायला लागली. दर सत्राला एक-दोन कमी. जी राहिली त्यात दोन तट स्पष्ट दिसायचे. कंपनीतर्फे आलेल्यांची मुलं, घरात फक्त जपानी, भराभर लिहिणारी. आणि आमच्यासारख्यांची, बोलायला फाडफाड पण लिहायला बसलं की घाम फुटणारी. बाईंनी कोणासाठी शिकवायचं? त्या बिचाऱ्या मधलं काहीतरी शिकवायच्या आणि दोन्हीकडचे पालक नाराज.

आम्हाला ज्याने तारलं ते शाळेचं वाचनालय. वर्गापेक्षाही. पालकांनी परतताना दिलेली पुस्तकं, फाटकी-तुटकी मांगा (जपानी चित्रकथा), किड्यांचे सचित्र कोश. मांगात कांजीच्या शेजारी बारीक अक्षरांत उच्चार छापलेला असतो, त्यामुळे कोणाला न विचारता वाचता येतं. दर शनिवारी पाच पुस्तकं आणायची मुभा होती. मुलगा ड्रिलच्या वहीत रडायचा आणि गाडीत मागे बसून त्याच कांजी बेसबॉलच्या मांगात वाचायचा. नवऱ्याला ते 'अभ्यास नाही' वाटायचं. यावरून आमची भांडणं झाली आहेत, खोटं कशाला बोलू.

सहावीनंतर त्याला हँडबॉलच्या संघात घेतलं आणि सामने शनिवारीच. तो निर्णय त्याने घेतला. आज सोळाचा आहे. काकाला मेसेज करतो, जपानी यूट्यूब बघतो, वर्तमानपत्र वाचत नाही. जर्मन तरी कुठे वाचतो म्हणा.

मराठीशाळा_ताई

न्यू जर्सीत रविवारची मराठी शाळा चालवणाऱ्या चमूत आहे, म्हणून जरा लांबण लावते.

हे वाचून आधी हेवा वाटला. सरकार पुस्तकं देतं, मुख्याध्यापक देतं! आमच्याकडे बृहन्महाराष्ट्र मंडळाने, म्हणजे इथल्या मराठी मंडळांच्या संघाने, अभ्यासक्रम आखलाय, भारती विद्यापीठाकडून परीक्षा आणि प्रमाणपत्राची सोय झाली, हे मोठंच काम आहे. पण बाकी सगळं स्वयंसेवकांच्या जिवावर. मराठीला २०२४ मध्ये अभिजात दर्जा मिळाला तेव्हा पेढे वाटले. पुस्तकांची पेटी मात्र अजून कोणीतरी भारतातून येताना सामानात घालून आणतं.

पण मग वाटलं, बरंच आहे. आमच्याकडे गृहपाठ पाच मिनिटांचा, गणपतीत नाटुकलं, दिवाळीत किल्ला. मूल रडत येत नाही. आता दुसरी बाजू: पाच-सहा वर्षं येऊनही पुष्कळ मुलं जोडाक्षरांत अडकतात. बाराखडीएवढ्यावर सगळं वाचता येणारी लिपी हाताशी असून ही गत! हडपसरकरांची मुलगी तिसरीत चारशे चाळीस कांजी शिकून बसली आहे. त्या शाळेच्या शिस्तीला नावं ठेवताना मला जरा लाजच वाटते.

हडपसरकर, रागावू नका, एक विचारते. तुमच्या घरी शनिवार ठरलेला, फॉर्म, पाळी, सही सगळं पक्कं. आणि रविवार 'जमेल तशी'. तुमची भाषा कोणती?

बिनधास्त_बंड्या

ताईंनी बाउन्सर टाकला. +१

सोनचाफा

उशीर झाला, माफी. आमची गोष्ट उलटी आहे. आम्ही दोघेही मराठी. टोकियोत एदोगावा भागात होतो, तिथे भारतीयांची मोठी वस्ती. तिथल्या बहुतेकांनी मुलांना भारतीय शाळेत घातलं, आम्ही मुद्दाम जवळच्या जपानी सरकारी शाळेत. थोरली चौथी करून, धाकटा पहिली करून आम्ही इंग्लंडला आलो. जपानी जाऊ नये म्हणून होशूकोत घालायचं ठरवलं.

प्रवेशाच्या वेळी मुलांची चाचणी झाली, ती सहज पार पडली. मग आमची मुलाखत. मुख्याध्यापक अतिशय नम्र, पण प्रश्न नेमका: घरी गृहपाठ कोण घेणार? पत्रकं जपानीत, पालकसभा जपानीत, पाळीच्या सूचना जपानीत. माझं जपानी भाजीवाल्याशी आणि दाखल्यांच्या कचेरीत चालण्यापुरतं. नवरा म्हणाला मी घेईन, आणि खरंच घेतलं. जपानी नागरिक नसल्यामुळे पुस्तकं आम्हाला विकत आणावी लागली, तेवढं सोडलं तर वागणुकीत कधी फरक जाणवला नाही.

थोरलीला ती शाळा म्हणजे प्राण. आठवडाभर इंग्रजीत गप्प बसणारी मुलगी शनिवारी सुटल्यासारखी बोलायची. धाकट्याला मात्र तिथे काहीच नव्हतं. टोकियो त्याच्या डोक्यातून वर्षभरात पुसलं गेलं. त्याला आम्ही दुसरीअखेर काढलं. एकाच घरात, एकाच शाळेबद्दल दोन निर्णय. नातेवाईकांना अजून कळत नाही की धाकट्यावर अन्याय झाला की थोरलीवर.

बंड्या, फोनचं म्हणाल तर फोन माझ्याकडे तेव्हाही होता. 'पुढच्या शनिवारी डब्याबरोबर जुनं वर्तमानपत्र आणि दुधाचा रिकामा खोका पाठवा' ही सूचना त्याने इतकी भन्नाट करून सांगितली होती की आम्ही दूध पाठवलं.

अर्धी_कोकणी

मी इथे पहिल्यांदा लिहिते. मराठी टाइप हळू होते, समजून घ्या. आई रत्नागिरीची, बाबा जपानी, मी कॅनडात वाढले. आता चोवीस वर्षांची आहे. होशूकोत पाचवीपर्यंत गेले.

सगळे पालक लिहितात, म्हणून मुलाच्या बाजूने लिहिते. मला ओन्दोकुचा राग यायचा. आई ऐकायची, पण तिला जपानी येत नव्हतं, ती फक्त गोल काढायची. मी पानं गाळायचे. तिला ते कळत होतं, हे तिने मला गेल्या वर्षी सांगितलं.

चांगलं काय होतं? डब्याची सुट्टी. इंग्रजी शाळेत माझा डबा विचित्र होता. होशूकोत ओनिगिरी, म्हणजे भाताचा मुटका, सगळ्यांकडे होती, आणि एकदा आईने आंबोळी दिली तर चार मुलींनी तुकडे मागितले. तिथे आडनाव कोणी चुकीचं उच्चारत नव्हतं. पण तिथेही मी 'पूर्ण' नव्हते. कंपनीवाल्या मुली दोन-तीन वर्षांत परत जायच्या. दर मार्चमध्ये कोणाला तरी निरोपाचं कार्ड लिहायचं. माझ्या तीन पक्क्या मैत्रिणी अशा गेल्या. पाचवीत मी सोडलं ते कांजीमुळे, असं घरी सगळे समजतात. मला पुन्हा नवीन मैत्रीण शोधायचा कंटाळा आला होता.

सोडल्यावर वाईट वाटलं नाही. कॉलेजात जपानी घेतलं तेव्हा पहिल्या वर्षाच्या वर्गात बसवेनात आणि तिसऱ्या वर्षाचं लिहिता येईना. वाचून समजायचं, हाताने लिहिता यायचं नाही. आता टाइप करायचं असतं, त्यामुळे भागतं. जपानमधल्या आजीचे 'लाइन' अ‍ॅपवरचे मेसेज वाचते. तिची हाताने लिहिलेली पत्रं बाबा वाचून दाखवतात.

तुमच्या मुलीला कांजीबद्दल विचारू नका. तिची मैत्रीण कोण आहे आणि ती एप्रिलमध्ये आहे का, ते विचारा.

सेन्सेई_नाशिककर

अर्धी_कोकणी, लिहीत राहा. आम्ही आकडे मोजत बसलो, हे कोणी बोललंच नाही.

हडपसरकर

सगळ्यांचे आभार. एकेकाला उत्तर देतो.

ताई, राग नाही आला. थोडा आला. मराठी ती माझ्याशी बोलते, बऱ्यापैकी बोलते, 'आजोबा, तुम्ही जेवलात का' इथपासून 'बाबा, डोकं खाऊ नकोस' इथपर्यंत. वाचत नाही. शनिवारचं ओझं एवढं की रविवारी पुन्हा वही काढायला माझीच हिंमत होत नाही. बायकोने कधीच मराठीला नाही म्हटलेलं नाही. उलट पुण्यात सिंहगड रोडची पु. ल. देशपांडे बाग ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केली आहे हे कळल्यापासून ती पुण्याला अर्धं माहेर म्हणते.

सेन्सेई, तुमचे आकडे बायकोला दाखवले. ती बराच वेळ बघत बसली. तिकडे शाळेत असताना तिला २४५ वगैरे कधी मोजावं लागलं नव्हतं. दुसऱ्या वर्गाबद्दल विचारलं. आहे, चौथीपासूनच आहे, सकाळी अकरा वाजेपर्यंतच असतो. पण फॉर्मवर त्याचा उल्लेख अगदी तळाशी, आणि पालकांमध्ये त्याला 'उतरणं' समजतात. बायकोलाही तसंच वाटत होतं. अजून थोडं वाटतं.

अर्धी_कोकणी, तुम्ही सांगितलेला प्रश्न विचारला. तिच्या दोन मैत्रिणी. एकीच्या बाबांची बदली झालीय, मार्चमध्ये नागोयाला परत. हे आम्हाला दोघांनाही माहीत नव्हतं. दुसरी त्या दुसऱ्या वर्गात चाललीय.

ऱ्हाईनकाठी

'उतरणं' हा शब्द आमच्याकडेही ऐकलाय. ज्या आया तो वापरायच्या त्यांची मुलं आठवीत कुठे होती हे मला माहीत आहे, पण जाऊ दे. तुमच्या होशूकोत वाचनालय आहे का? वर्ग बदललात तर पुस्तकं आणायची सोय राहते का, ते आधी विचारून घ्या. माझ्या लेखी तो फॉर्मवरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न.

थोडं अवांतर, पण नवीन आईबाबा वाचत असतील तर: मूल जपानबाहेर जन्मलं असेल आणि जन्मानेच दुसरं नागरिकत्वही मिळालं असेल, तर जपानी नागरिकत्व राखण्यासाठी तीन महिन्यांच्या आत नोंद करावी लागते. बाळंतपणाच्या धबडग्यात हे राहून जातं.

सेन्सेई_नाशिककर

हडपसरकर, सौंना हेही सांगा. पुढे हायस्कूलमध्ये एपी (कॉलेजच्या पातळीची) जपानी परीक्षा आहे, २००७ पासून. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत द्विभाषिक मुलांना पदवीदाखल्यावर शिक्काही मिळतो. दोन्हीसाठी कोकुगोची सहावी लागत नाही. हातात काही प्रमाणपत्र हवंच असेल तर कांजी केंतेई ही कांजींची परीक्षा आहे: तिसरीची आठवी पातळी, चौथीची सातवी. आपल्या वेगाने द्यायची, कोणाशी स्पर्धा नाही. २०१९ मध्ये जपानने भाषाशिक्षणाचा कायदा केला, त्यातही परदेशी वाढणाऱ्या मुलांचा विचार आलाय. वर्ग वेगळा काढणं ही काही तुमच्याच शाळेची सवलत नव्हे.

बिनधास्त_बंड्या

मी माझं मत अर्धं मागे घेतो. दुधाच्या किश्शामुळे, बाकी कशामुळे नाही. पण एक शंका: अकराला सुटणार असेल तर उरलेल्या शनिवारात लगेच मराठी कोंबू नका म्हणजे झालं.

मराठीशाळा_ताई

बंड्या, गप्प बसा. हडपसरकर, कोंबू नका, पण मी चित्रांची पुस्तकं पाठवते. व्यनित (व्यक्तिगत निरोपात) पत्ता द्या.

हडपसरकर

फॉर्म काल दिला. दुसरा वर्ग, चौथी, एक वर्ष. पुढच्या फेब्रुवारीत परत बघू. वाचनालय चालू राहतं, फक्त पुस्तकं अकराच्या आत घ्यायची. पाळी मात्र दोन्ही वर्गांच्या पालकांना सारखीच, म्हणजे मी दुपारी तीनपर्यंत खुर्च्या लावायला आहेच.

मुलीने अट घातलीय की ओन्दोकु आठवड्यातून तीनदाच, आणि त्यातलं एक मांगाचं. बायको म्हणाली, मांगाचं चालणार नाही. वाटाघाटी चालू आहेत. ताई, व्यनि केलाय.